तुम्ही विचारलंत म्हणून : औषध कंपनीची ऑर्डर यायला वर्ष का लागतं?

पुण्यातली आयटीवाली मंडळी भेटली की हमखास विचारतात, "आमचं सॉफ्टवेअर घ्यायला ऑटो पार्ट्सवाला महिन्याभरात पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर काढतो, फार्मावाला वर्ष घालवतो. पैसे नसतात का त्यांच्याकडे?"

पैसे असतात हो. आपण चुकीच्या माणसाला पटवत बसतो. आयटी मॅनेजर डॅशबोर्ड बघून खूश होतो, पण 'नको' म्हणायचा हक्क क्यूएचा, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्सचा. आणि क्यूएच्या डोळ्यांपुढे कायम उभा असतो अमेरिकन एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा इन्स्पेक्टर.

वाळूजच्या एका प्लांटमधला डेमो सांगतो. क्यूएच्या मॅडम तासभर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गोळीचं वजन ५०२ मिलिग्रॅम टाकलंय, ते ४९८ करा." केलं. "आता ५०२ कुठे दिसतं? कोणी बदललं, किती वाजता, कशासाठी?" ऑडिट ट्रेल उघडून दाखवला. "बरं, आता या कॉम्प्युटरचं घड्याळ कालच्या तारखेवर न्या." आमच्या सेल्सच्या पोराला वाटलं, बाई गंमत करताहेत. गंमत कसली! घड्याळ मागे घेऊन चाचणी पुन्हा करायची आणि नको असलेला निकाल गाडून टाकायचा, हे उद्योग एफडीएच्या वॉर्निंग लेटर्समध्ये नोंदले गेलेत. साध्या लॉगिनने तारीख हलेना, तेव्हा कुठे मॅडमनी वही उघडली. डॅशबोर्डबद्दल अवाक्षर नाही.

बॅच रेकॉर्डच्या, म्हणजे औषधाची प्रत्येक खेप कशी बनवली त्या नोंदीच्या कागदावर व्हाइटनर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. अमेरिकेच्या '२१ सीएफआर पार्ट ११' या नियमाने १९९७ साली हीच शिस्त कॉम्प्युटरला लावली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाची सरकारी नियमावली सुधारली, त्यातही संगणकीकृत यंत्रणांचं व्हॅलिडेशन आलं, म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते हे कागदोपत्री सिद्ध करणं. त्यामुळे फक्त देशात माल विकणारे छोटे कारखानेही आता हेच प्रश्न विचारू लागलेत.

डेमो पास झाला की खरा वेळखाऊ भाग सुरू होतो. क्यूएची माणसं व्हेंडर ऑडिटला आपल्या ऑफिसात येतात. कोड कोणी लिहिला, कोणी तपासला, त्या मुलाच्या ट्रेनिंगची नोंद कुठे आहे, बॅकअप परत चढवून पाहिलाय का. मुलगा नोकरी सोडून गेला तरी कागद हवा. मग यूआरएस, आयक्यू, ओक्यू, पीक्यू : गरज काय, बसवलं नीट का, चालतं का, रोजच्या कामात टिकतं का. प्रत्येक चाचणीचा स्क्रीनशॉट, प्रत्येकावर सही. इथे "दर शुक्रवारी नवं व्हर्जन देतो" असं चुकूनही बोलू नका. प्रत्येक बदलाला चेंज कंट्रोल, म्हणजे बदल तपासून मंजूर केल्याचा कागद उघडावा लागतो, तुमचा उत्साह त्यांना संकट वाटतो. लॅबमधल्या एचपीएलसीला, म्हणजे औषधातले घटक मोजणाऱ्या यंत्राला जोडलेलं जुनं विंडोज पाहून आपण हसतो. ते व्हॅलिडेट झालेलं असतं, म्हणून कोणी हात लावत नाही.

मात्र एकदा आत शिरलात की लवकर काढतही नाहीत. तुम्हाला काढायचं तर हे सगळं नव्याने करावं लागतं.

तेव्हा सेल्सवाल्याआधी व्हॅलिडेशनचा अनुभव असलेला माणूस घ्या. कोटेशनमध्ये व्हॅलिडेशनची ओळ वेगळी दाखवा, रक्कम मोठी दिसली तरी. "तेवढं फुकट करून देतो" म्हणालात, तर परचेसवाला खूश होईल आणि क्यूए फाइल बाजूला ठेवेल.