पाचांच्या जागी चार: घरच्या सर्व्हरसाठी हॉट-स्वॅप केज निवडताना

मागच्या वर्षी मे महिन्यात घरच्या स्टोरेज सर्व्हरमधली एक नादुरुस्त डिस्क बदलण्यासाठी मी कॅबिनेटचे झाकण उघडले. जुनी डिस्क काढली, नवी बसवली, झाकण लावले आणि रीसिल्व्हर (नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरण्याचे काम) सुरू केले. दीड तासाने दुसरी, अगदी निरोगी असलेली डिस्क यादीतून नाहीशी झाली. डिस्क काढताना माझ्या हाताचा धक्का लागून शेजारची साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) किंचित ढिली झाली होती. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेच्या रेड-झेड १ मांडणीत एकच डिस्क गमावण्याची मुभा असते आणि ती आधीच खर्ची पडलेली असल्यामुळे सगळा पूल, म्हणजे सर्व डिस्का मिळून केलेला साठा, जागच्या जागी थांबला. केबल नीट बसवून पूल पुन्हा जोडल्यावर काम पुढे सरकले आणि एकही फाइल गेली नाही. परंतु त्या पूलवर कॅसेटींवरून उतरवलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि भावाकडे ठेवलेली दुसरी प्रत सहा महिने जुनी होती. ती रात्र मी विसरलेलो नाही.

त्यानंतर हॉट-स्वॅप केज, म्हणजे चालू यंत्रातून समोरूनच डिस्का काढता-घालता येणारा पिंजरा, घ्यायचे ठरवले, आणि निवड करताना सर्वांत आधी स्वतःलाच विचारले की घरी ही सोय नेमकी कशासाठी हवी आहे. कार्यालयात यंत्रणा क्षणभरही बंद पडू नये म्हणून ती लागते. घरचा सर्व्हर मात्र खुशाल अर्धा तास बंद ठेवता येतो. पुण्यात राहणाऱ्यांना तर गुरुवारच्या वीजबंदीमुळे त्याची सवयच असते. घरी या सोयीचा खरा उपयोग असा, की एक डिस्क काढताना उरलेल्या डिस्कांना आणि त्यांच्या केबलींना हात लागत नाही, आणि जी काढायची तीच डिस्क हातात येते. हे एकदा ध्यानात आल्यावर जाहिरातींतल्या बऱ्याच गोष्टी गौण ठरल्या आणि ज्या गोष्टी छोट्या अक्षरांत लिहिलेल्या असतात, किंवा मुळीच लिहिलेल्या नसतात, त्या महत्त्वाच्या झाल्या.

समोरून ओढता येणारी कॅडी (डिस्क धरणारा सरकता कप्पा) दिसली म्हणजे ती हॉट-स्वॅप असेलच असे नाही. एचपीच्या मायक्रोसर्व्हर जेन८ मध्ये समोर चार सुबक कॅडी आहेत, तरीही त्या चालू यंत्रातून काढण्यासाठी नाहीत, आणि कंपनीच्या तपशीलपत्रात तसे स्पष्ट लिहिलेले आहे. साटा डिस्कच्या जोडणीतच मात्र चालू यंत्रात डिस्क घालण्याची तयारी केलेली असते. तिच्या १५ टोकांच्या वीजजोडणीतील काही भूसंपर्काची टोके इतरांपेक्षा लांब असतात. ती आधी टेकतात, मागोमाग विद्युतदाबाची काही टोके टेकून डिस्कवरचे कपॅसिटर हळूहळू भरतात आणि मग उरलेली टोके जुळतात. पण हा क्रम केज आणि बॅकप्लेन (केजच्या मागची, डिस्का जिच्यात खुपसतात ती पाटी) नीट जुळलेले असतील तरच पाळला जातो, आणि मदरबोर्डच्या बायोसमध्ये त्या त्या पोर्टसाठी हॉट-प्लगची सोय चालू करावी लागते, हे अनेकांच्या नजरेतून सुटते. मी मदरबोर्डचे पोर्ट न वापरता एलएसआय कंपनीचे डिस्का जोडण्याचे जुने ९२११-८आय कार्ड आयटी मोडमध्ये वापरतो. ते डिस्का जशाच्या तशा पुढे देते, स्वतः रेड (अनेक डिस्कांची एकत्र बांधणी) करत नाही. त्याच्या प्रत्येक एसएफएफ-८०८७ जोडणीतून चार डिस्कांच्या केबली निघतात. ही केबल घेताना ती ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’ असल्याची खात्री करावी, कारण उलट्या दिशेची केबल दिसायला अगदी तशीच असते आणि या कामी चालत नाही.

आता खरा प्रश्न जागेचा. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचा, सीडी ड्राइव्ह बसवण्याचा ५.२५ इंची खण सुमारे १४६ मिलिमीटर रुंद आणि ४१.३ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे तीन खणांची एकत्रित उंची जेमतेम १२४ मिलिमीटर भरते. ३.५ इंची डिस्क १०१.६ मिलिमीटर रुंद असते आणि तिची जाडी २६.१ मिलिमीटर असते. बाजारात सर्वाधिक लोकप्रिय असलेल्या केजमध्ये तीन खणांत पाच डिस्का उभ्या बसवतात. पाच डिस्कांची जाडी १३०.५ मिलिमीटर झाली, १४६ मधून उरले साधारण १५ मिलिमीटर, आणि त्यातूनच केजच्या दोन भिंती व पाच कॅडींचा पत्रा वजा करायचा. दोन डिस्कांमध्ये हवेसाठी दोनेक मिलिमीटरची फट राहिली तरी पुष्कळ झाले. त्याच तीन खणांत चार डिस्का आडव्या ठेवल्या, तर १०४ मिलिमीटर त्यांना लागतात आणि जवळजवळ २० मिलिमीटर हवेला मिळतात. दोन खणांत तीन डिस्का घालणारी केज तर मी पहिल्याच दिवशी बाद केली, कारण तिथे सगळी मिळून चार मिलिमीटर जागा उरते.

हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला तो पुरेसा वाटला होता, पण प्रत्यक्षात त्याहूनही निर्णायक गोष्ट निघाली ती बॅकप्लेनची छिद्रे. केजचा पंखा मागे असतो आणि तो समोरच्या जाळीतून हवा ओढतो. त्या दोहोंमध्ये बॅकप्लेनची पाटी आडवी उभी असते. पाटीला मोठी छिद्रे नसतील तर पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा डिस्कांवरून न जाता कडेच्या फटींतून येते आणि नुसता आवाज होतो. म्हणून केजचे समोरचे देखणे छायाचित्र पाहून काहीच ठरवू नये. पंखा काढून मागून घेतलेले छायाचित्र मिळवावे, किंवा दुकानात वस्तू हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहावी. कॅडी काढल्यावर मागचा उजेड किती दिसतो यावरून बरेच काही कळते. मला एका मित्राने त्याची पाच डिस्कांची केज महिनाभर वापरायला दिली होती. खोलीत ३६ अंश तापमान असताना तिच्यातली मधली डिस्क स्क्रबच्या (सगळी माहिती वाचून तपासण्याच्या) वेळी ५१ अंशांवर गेली. त्याच डिस्का चारांच्या केजमध्ये घातल्यावर सर्वांत गरम डिस्क ४४ अंशांवर थांबली.

तापमानाची इतकी चिंता करण्याचे कारण नाही, असे म्हणणारे अनेकदा गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात एक लाखाहून अधिक डिस्कांची माहिती होती, आणि तापमान व बिघाड यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट नसल्याचे त्यात दिसले, हे खरे आहे. मात्र त्याच अभ्यासात तीन वर्षे वा त्याहून जुन्या डिस्का जास्त तापमानात अधिक बिघडताना दिसल्या होत्या. माझ्या डिस्का पाच वर्षांच्या आहेत आणि उन्हाळ्यात आमच्या माळ्यावरची खोली तापते, त्यामुळे त्या अभ्यासातून मला तरी दिलासा मिळत नाही.

पंख्याबद्दल एवढेच पाहिले की तो सर्वसाधारण मापाचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा असावा. सुपरमायक्रोच्या एम३५ या जुन्या आणि भक्कम केजमध्ये ९२ मिलिमीटरचा पंखा आहे. आवाज मोठा, पण बदलायचा झाला तर तसा पंखा मिळतो. विचित्र मापाचा पातळ पंखा असलेली केज घेऊ नये, कारण पंखा डिस्कांच्या आधी जातो.

विजेच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची मोठी डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर घेते. चार डिस्का एकदम उठल्या तर आठ अँपिअर झाले. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टची तीन टोके असतात आणि प्रत्येकाची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार. अशा एकाच जोडणीवर चार डिस्का चालवणारी केज मी हातातही घेणार नाही. चारपिनी जुन्या मोलेक्सच्या दोन जोडण्या असलेली केज घ्यावी आणि त्या दोन्ही एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) निघणाऱ्या वेगवेगळ्या केबलींवर लावाव्यात. मोलेक्सचा आणखी एक लाभ असा, की तिच्यात ३.३ व्होल्टची तार नसतेच. काही नव्या डिस्का तिसऱ्या टोकावर ३.३ व्होल्ट मिळताच बंद राहतात. बाहेरच्या यूएसबी खोक्यातून डिस्क काढून सर्व्हरला लावणाऱ्यांना हा अनुभव येतो आणि डिस्क मेलेली आहे असेच वाटते. मोलेक्सवर चालणाऱ्या बॅकप्लेनमध्ये हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. उलट, मोलेक्सची साटा करणारे स्वस्त ॲडाप्टर मात्र घरात ठेवू नयेत. त्यांतल्या प्लॅस्टिक ओतून बनवलेल्या प्रकारात आतल्या तारा जवळ येऊन जळाल्याची उदाहरणे बरीच आहेत.

यूएसबीने जोडायच्या चार-पाच डिस्कांच्या डब्यांचाही विचार केला होता. स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण एकाच तारेवर सगळ्या डिस्का, मध्ये साटा व यूएसबी यांना जोडणारी एक ब्रिज चिप, आणि कधी कधी डिस्कचा खरा अनुक्रमांकही सर्व्हरला दिसत नाही. झेडएफएससाठी मी तो मार्ग सोडून दिला. पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टवर अनेक डिस्का चालवणारी चिप) असलेले ईसाटा (बाहेरच्या साटा जोडणीचे) डबेही त्याच कारणाने नकोत. इंटेलच्या चिपसेटवर ते चालतही नाहीत.

कॅडीबाबत दोन मते आहेत. बिनकॅडीच्या केजमध्ये दार उघडून डिस्क तशीच सरकवायची असते, आणि जे वरचेवर डिस्का बदलतात त्यांना ती बरी पडते. माझ्यासारख्याला, जो डिस्क एकदा बसवून वर्षानुवर्षे हलवत नाही, स्क्रूने आवळलेली धातूची कॅडी अधिक विश्वासाची वाटते. मात्र घेण्यापूर्वी कॅडीची छिद्रे तपासावीत. अनेक मोठ्या क्षमतेच्या डिस्कांना मधली छिद्रे नसतात, आणि जुन्या कॅडी कधी कधी नेमक्या त्याच छिद्रांवर विसंबलेल्या असतात. कॅडीला कुलूप असावे की नसावे हे घरात लहान मूल आहे का यावर ठरते; माझी भाची पाच वर्षांची आहे आणि तिला निळे दिवे फार आवडतात, म्हणून मी कुलपाची घेतली.

बिघाड दाखवणाऱ्या लाल दिव्यावर मात्र विसंबू नये. तो लागण्यासाठी कार्डापासून बॅकप्लेनपर्यंत वेगळी संदेशवाहिनी जोडलेली असावी लागते, आणि घरगुती केजमध्ये ती बहुधा नसते. मी प्रत्येक कॅडीच्या तोंडावर डिस्कच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिलेली पट्टी चिकटवली आहे आणि पूलमध्येही डिस्कांची नोंद अनुक्रमांकानेच केली आहे. डिस्क काढायची झाली की आधी झेडएफएसमध्ये ती ऑफलाइन करायची, तिला थांबण्याचा आदेश द्यायचा, कॅडी दोन बोटे बाहेर ओढून अर्धा मिनिट तशीच राहू द्यायची, म्हणजे आतल्या तबकड्या पुरत्या थांबतात, आणि मगच ती हातात घ्यायची.

शेवटी घेतली ती तीन खणांत चार डिस्कांची केज, आणि तिच्यासाठी सहा खणांचे एक जुने कॅबिनेट पुण्याच्या तपकीर गल्लीतून मिळवले, कारण नव्या कॅबिनेटांत ५.२५ इंची खण जवळपास उरलेलेच नाहीत. खणांच्या मधोमध आत वाकवलेल्या पत्र्याच्या लहान पट्ट्या पकडीने सपाट कराव्या लागल्या, नाहीतर केज आत सरकत नव्हती. हे काम मदरबोर्ड बसवण्यापूर्वी करावे, म्हणजे लोखंडाचा कीस त्याच्यावर पडत नाही. पूलही नव्याने रेड-झेड २ मध्ये बांधला. निम्मी क्षमता गेली, पण आता कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी ओव्या शाबूत राहतील.

पूल बांधण्याआधी आठवडाभर एक जुनी डिस्क आळीपाळीने केजमधल्या चारही जागांत घालून ती सलग वाचून काढली आणि प्रत्येक वेळी स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यातला) १९९ क्रमांकाचा आकडा पाहिला. हा आकडा वाढला तर दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा बॅकप्लेनचा असतो, डिस्कचा नसतो. तिसऱ्या जागेत तो सातने वाढला. केबल बदलून पाहिली, पुन्हा दोन दिवस वाचन केले, तेव्हा तो जागचा हलला नाही. ती केबल मी कापून टाकली, नाहीतर सुट्या केबलींच्या डब्यातून ती पुन्हा केव्हातरी माझ्याच हाती आली असती.