आमची वाटचाल : पिळलेल्या तारेपासून पुढे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आमचं छोटं दुकान आहे. सुरुवातीला पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी एवढंच काम. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलेला, घरांच्या वायरिंगवर हात बसलेला. एक दिवस एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे कप्तान, आले. म्हणाले, "बोटीवरचे दिवे लागतायत नि जातायत, बघतोस काय?" गेलो. तुटलेला जॉइंट सापडला, तारा पिळल्या, टेप गुंडाळला, दिवे लागले. बोटीचं काम सोपं आहे, असं मला तेव्हा वाटलं.

सहा महिन्यांनी तीच बोट रात्री परत येताना बाजूचे लाल-हिरवे दिवे गेले. खलाशी टॉर्च धरून बंदरात आले. सगळे सुखरूप होते, पण मला दिवसभर जेवण गेलं नाही. सकाळी टेप सोडवला, मीच गुंडाळलेला. आतून हिरवी भुकटी सांडली. तार कापत गेलो तर वीतभर आतपर्यंत, आवरणाखाली तांबं काळं पडलेलं. खारी ओल तारेच्या बारीक धाग्यांमधून आत चढत जाते. टेप तिला अडवत नाही, उलट धरून ठेवतो.

मीटरनेही मला फसवलं असतं. दिवा काढून मोजलं तर साडेबारा व्होल्ट, सगळं ठीक. दिवा जोडून मोजलं तर नऊ. कळकलेल्या जॉइंटचा दोष करंट वाहायला लागला की मगच उघडा पडतो. साठ वॅटचा दिवा घरात जेमतेम पाव अँपिअर घेतो, बारा व्होल्टच्या बोटीवर पाच. घरात तीन व्होल्ट गेले तर कुणाला कळतही नाही, बोटीवर पाव हिस्सा वाटेतच संपतो.

तेव्हापासून पिळून टेप मारणं बंद. कथिलाचा मुलामा दिलेली तार, तारेच्या टोकाला दाबून बसवलेले लग (धातूची टोपणं), त्यावर तापवून आवळायची गोंदाची स्लीव्ह, आणि बॅटरीजवळच प्रत्येक लाइनला वेगळा फ्यूज. खर्च वाढला. "टेप लाव नि मोकळा हो," म्हणत काही मालक दुसरीकडे गेले. दोन हंगाम ओढाताणीत काढले, पण जुन्या पद्धतीवर परत गेलो नाही. गेलेल्यांतले बरेचजण पुढे परत आले, बहुतेक तळातलं पाणी उपसणारा पंप ऐनवेळी बंद पडल्यावर.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तोच आमचा हंगाम. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि ताडपत्रीखाली मी आणि दोन मुलं वायरी ओढत असतो. प्रत्येक बोटीच्या वायरिंगचा नकाशा काढून आम्ही केबिनमध्ये लावतो. मोबाइलला रेंज असेतोवर फोनवर सांगता येतं : तिसरा फ्यूज बघा, पिवळी वायर.

त्या पहिल्या तांडेलांची बोट आजही आमच्याकडेच येते. गेल्या पावसाळ्यात पंपाची वायर बदलली, तेव्हा नकाशा ते स्वतःच लॅमिनेट करून घेऊन आले.