पेटीवाल्याच्या हाती स्टील गिटार

भजनात पेटी वाजवणाऱ्याला स्टील गिटारच्या पट्टीवर सुरुवातीला काहीच सापडत नाही. पेटीवर काळी-पांढरी समोर दिसते, इथे सहा तारा आणि खाली एकसारख्या रेघा, म्हणजे फ्रेट. साध्या गिटारसारखं फ्रेटच्या मागे दाबायचंही नाही. तारांवर सरकवायचा धातूचा बार बरोबर रेघेच्या डोक्यावर हवा, आणि तो सरळ वरून बघायचा. बाजूने बघितलं की सूर चढतो नाहीतर उतरतो.

घरात मुलाची गिटार पडून होती. तिच्या नटवर, म्हणजे खुंट्यांकडच्या तारांच्या टेकूवर, उंच पट्टी बसवून तारा वर उचलल्या आणि ती मांडीवर आडवी घेतली. सी-सिक्स ट्यूनिंग (जाड तारेपासून सी, ई, जी, ए, सी, ई) करायचं ठरवलं, पण नेहमीच्या सेटमधली चौथी तार डी वरून जी पर्यंत ओढली तर ती तुटणारच. म्हणून सगळ्यात जाड तार काढून टाकली, पाचवी सहावीच्या जागी, चौथी पाचवीच्या जागी, तिसरी चौथीच्या जागी, आणि रिकाम्या तिसऱ्या जागेवर आणखी एक तिसऱ्या नंबरचीच तार. तारा मी मुंबईहून मागवतो. मालवणच्या हवेत साध्या तारा लगेच गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय गिटार ठेवायची नाही.

तारांची इंग्रजी नावं पाठ होईनात, तेव्हा पांढरी एकला, म्हणजे सी ला, सा मानून जाड तारेपासून मोजलं: सा, ग, प, ध, सां, गं. भूपातला फक्त रे कमी! त्यानंतर पट्टी बरीच ओळखीची वाटायला लागली.

सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर सगळे काटे मध्यावर आणले तरी सा-ग-प एकदम छेडल्यावर ग कानाला टोचायचा. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा ट्यूनरचा ग सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पेटीत हा फरक आयुष्यभर सोसला, इथे खुंटी आपल्या हातात आहे. दोन्ही ग उतरवले. पण मग ध सुद्धा जवळजवळ तेवढाच खाली घ्यावा लागतो, नाहीतर मायनर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर) डगमगते.

कॉर्डचं गणित मात्र पेटीपेक्षा सोपं निघालं. जाड तीन तारा म्हणजे सा-ग-प, मेजर. बारीक तीन म्हणजे ध-सां-गं, मायनर. बार सरळ ठेवून पाचव्या रेघेवर नेला की जाड तारांवर मध्यमाची मेजर आणि बारीक तारांवर रिषभाची मायनर. सातव्या रेघेवर पंचमाची मेजर, गंधाराची मायनर. बाराव्यावर पुन्हा सा आणि ध. तीन जागांत सहा कॉर्ड! उरली निषादाची. ती बार सरळ ठेवून या तारांवर मिळत नाही, आणि आमच्या गजरात तिच्यावाचून काही अडत नाही, म्हणून मी तिच्या मागे लागलो नाही.

आमचे बुवा काळी दोनात गातात, ती पांढरी एकपासून तीन अर्धे सूर वर, आणि एक रेघ म्हणजे एक अर्धा सूर. म्हणजे सा तिसऱ्या रेघेवर, मध्यम आठव्या, पंचम दहाव्या. एकदा ते आयत्या वेळी म्हणाले, "आज गळो बसलो हा, पांढरी दोनात घे." पेटीवर बोटांची सगळी मांडणी बदलली असती. इथे दोन, सात, नऊ. सगळं एक घर मागे, हात तोच.

कॉर्ड बसल्यावर जोडसुरांचा, म्हणजे दोन सूर एकदम वाजवण्याचा, नाद लागला. पुन्हा पांढरी एक धरून सांगतो, फक्त दुसऱ्या तारेच्या सां ला इथे सा म्हणतो. मोकळ्या पहिल्या-दुसऱ्या तारेवर सा-ग मिळतात, पण त्याच जोडीवर रे-म काढायचे तर बार तिरपा करावा लागतो आणि माझं मनगट त्याला राजी नाही. कारण या दोन तारांत चार अर्धे सूर आहेत आणि रे-म मध्ये तीनच. दुसऱ्या-तिसऱ्या तारेत मात्र तीनच अर्धे सूर आहेत! मग रस्ता सरळ झाला. दुसऱ्या-तिसऱ्या तारेवर पाचव्या रेघेला रे-म, सातव्याला ग-प. मग पहिल्या-दुसऱ्यावर येऊन पाचव्याला म-ध, सातव्याला प-नि. पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्यावर बाराव्याला ध-सां, चौदाव्याला नि-रें, आणि शेवटी पहिल्या-दुसऱ्यावर बाराव्याला सां-गं. पूर्ण सप्तक, बार एकदाही तिरपा नाही. फक्त बारच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकलेली हवीत, नाहीतर मागचा भाग किणकिणतो.

आमच्याकडचा एक जाणकार म्हणतो, हे सगळं कशाला, ब्रिजभूषण काबरांसारखं राग वाजव की. काबरांनी स्लाइड गिटारवर राग वाजवले, १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांची तबकडीही निघाली. पण ती वाट मींडेची आणि जन्मभराच्या रियाजाची. मला बुवांच्या मागे साथ करायची आहे. सध्या अभंगाच्या दोन ओळींमधली जागा जोडसुरांनी भरतो, आणि नि-रें च्या वेळी चौदावी रेघ अजून डोळ्यांनी शोधावी लागते.