नखाला लागणारा स्क्रॅच

आजचा रविवार गाडीच्या दारावरच्या एका खोल ओरखड्यात गेला. नख अडकत असेल तर नुसत्या पॉलिशने तो जाणार नाही, हे आधी लक्षात घ्या. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो.

कलर कोडचा स्टिकर बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली सापडतो. टचअप, म्हणजे ओरखडा भरायचा रंग, त्याच कोडचा घ्या. 'पांढरा' म्हणून मागितला तर कुठलाही पांढरा हातात पडतो.

शाम्पूने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने वॅक्स पुसून काढा. पत्रा दिसत असेल तर वॉटर पेपरची (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) बारीक घडी करून फक्त चरीतला गंज काढा आणि प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर) लावा. प्रायमर टाळलात तर पुढच्या पावसाळ्यात रंगाखाली फुगवटा येणार.

रंग टूथपिकने भरा. पातळ थर, मध्ये अर्धा तास. थिनर उडाला की रंग खाली बसतो, म्हणून शेवटचा थर पृष्ठभागापेक्षा किंचित वर हवा. जाड थेंब एकदाच सोडला तर वर साय धरते, आत ओलाच राहतो. वर क्लिअर, तोही तसाच. दमट हवेत पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरडा दिवस बघा.

यानंतर घाई नको, आठवडाभर गाडी तशीच फिरवा. मग साबणाच्या पाण्यात 2000 चा वॉटर पेपर (आकडा मोठा तितका पेपर बारीक), पुढे 3000, शेवटी कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट. दाराच्या कडेवर पेपर नेऊ नका, तिथला रंग लगेच उडतो.

मेटॅलिक सिल्व्हर असेल तर उन्हात रेघ दिसणारच.