माळावरची पिल्लं

फेब्रुवारी, रविवार, रात्र

मामेभाऊ दिवाळीत सासण गीरला जाऊन आला. जिप्सीच्या पुढून रमतगमत चाललेली सिंहीण आणि तिच्या पायात घोटाळणारे छावे, असे व्हिडिओ त्याने घरात सगळ्यांना दाखवले. तेव्हापासून भाच्याने सिंहाचा धोसरा लावलाय. गीर काही एका दिवसात उरकत नाही. म्हटलं, आधी आपलं सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य तरी बघ.

अंधारातच बार्शी रस्त्याला लागलो. बरोबर गावातले एक काका वाटाड्या होते. उजाडलं तेव्हा कुसळी, पवन्या ही गवतं वाळून माळ पिवळाधमक झालेला. काळविटांचा कळप दिसला, गवताला घासत उडणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिसला. भाचा मात्र गप्पच. त्याला सिंह हवा होता.

मग काकांनी गाडी थांबवली. "ताई, दार उघडू नगा. आवाज बी नको."

दुर्बिणीशिवाय काही कळणार नाही इतक्या लांब, ओढ्याच्या काठावर लांडगी बसली होती. रंग मातीचाच, त्यामुळे आधी तिचे कान दिसले. आणि तिच्यापुढे चार पिल्लं! दीड-दोन महिन्यांची असावीत. डोक्याच्या मानाने कान मोठे, पाय किडकिडीत. एकाला कुठूनशी चपलेची वादी सापडली होती. तो ती घेऊन पळायचा, दुसरा टोक धरून ओढायचा, तिसरा दोघांवर उडी घ्यायचा. चौथं आईच्या शेपटीला झोंबत होतं. तिने एकदाही फटकारलं नाही, फक्त मान वळवून वाऱ्याचा वास घेत राहिली.

थोड्या वेळाने ज्वारीच्या रानाकडून दुसरा लांडगा आला. वादी तिथेच टाकून चौघं धावली आणि त्याचा जबडा चाटायला लागली. त्याने मान खाली घालून मांस ओकून टाकलं. भाचा घाबरला. "त्याला बरं नाही का गं, आत्या?" काका हळूच म्हणाले, "पोटात घालून आणलंय लेकरांस्नी." तो बाप असेल, नाहीतर आधीच्या वेतातलं थोरलं भावंडही असेल. लांडग्यांत पिल्लं सगळं घर मिळून वाढवतं. मला भरून आलं. भाच्याने नंतर सिंहाचं नावही काढलं नाही.

काकांनी गाडी लगेच मागे घ्यायला लावली, ते फार बरं केलं. माणसांचा वावर वाढला की लांडगी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात. गावाकडची मोकाट कुत्री रेबीज, डिस्टेंपर असे रोग घेऊन येतात ते वेगळंच.

गीर आणि आसपासच्या गुजरातेतल्या सिंहांची 2025 च्या गणनेत संख्या 891 भरली, त्याचा देशभर आनंद झाला, मलाही झाला. लांडगे अख्ख्या देशात सुमारे 3,000 मानले जातात. कायद्याने त्यांना वाघासारखंच पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे, पण राहतात ते बहुतेक अभयारण्यांबाहेर, शेतं आणि गायरानं यांच्या मधे. माळ म्हटलं की आपल्याला पडीक जमीनच दिसते. मुरूम काढा, प्लॉट पाडा, नाहीतर पुण्य म्हणून झाडं लावा! गवताळ माळावर दाट झाडी लावणं हेही त्याचा जीव घेणंच आहे, असं माझं ठाम मत आहे. ज्या माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली नान्नजचं हे अभयारण्य झालं, तो आता दिसणं दुरापास्त झालंय.

परतताना मेंढरांचा एक वाडा लागला. तिथल्या आजोबांचं कोकरू नुकतंच लांडग्याने नेलं होतं. त्यांचा राग अगदी रास्त आहे, वर्षभराची कमाई त्या कळपातच असते. भरपाई असते, पण आधी पंचनामा, मग कागद, आणि वाडा तर चार दिवसांत पुढच्या गावाला गेलेला असतो. ते पैसे जागेवर, लगेच मिळायला हवेत. कारण चिडून कुणी मेलेल्या मेंढीत विष कालवलं, तर आज पाहिलेलं सगळं घर एका रात्रीत संपेल.

घरच्या ग्रुपवर संध्याकाळपासून सगळे जागा विचारताहेत. मी काळविटांचे फोटो टाकले. ओढा कुठला ते सांगितलं नाही आणि भाच्यालाही सांगू नकोस म्हटलं. मामेभाऊ थोडा रुसलाय. त्याला पुढच्या महिन्यात काकांबरोबर माळ बघायला घेऊन जाईन, काळविटं आणि भोवत्या दाखवीन. ओढ्याकडे मात्र नाही.