पावसाळ्यात उभी गाडी आणि ऑटोमॅटिक चार्जर

साताऱ्याचा पाऊस लागला की आमची गाडी आठवडेच्या आठवडे शेडमध्येच असते. आप्पा, म्हणजे माझे सासरे, आता फारसे चालवत नाहीत आणि मी स्कूटीनं शाळेला जाते. पण उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म वगैरे थोडी थोडी वीज खातच राहतात. ऑगस्टमध्ये सेल्फ मारला तर नुसतं टकटक. मल्टिमीटर 11.9 व्होल्ट दाखवत होता. पूर्ण भरलेली बॅटरी तासन्‌तास विसावली तरी 12.6 च्या आसपास असते. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

पोवई नाक्यावरचे बॅटरीवाले काका म्हणाले, "ताई, धक्का मारून सुरू होईल, पण बाजारापर्यंतच्या फेरीत ती भरत नाही. आणि रिकामी ठेवलीत तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरेल." म्हणून चार्जर घेतला. आमची बॅटरी 35 अँपिअर-अवर क्षमतेची; चार्जरचा करंट त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणून 4 अँपिअरचा. मोड साध्या, पाणी घालायच्या बॅटरीचा. एजीएम, म्हणजे पाणी न घालायच्या सीलबंद बॅटरीचा वेगळा असतो.

सगळं लक्ष जोडणीवर ठेवलं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, त्याला एक ठिणगी पुरते. शेडचं शटर पूर्ण वर केलं, आप्पांना उदबत्ती घरातच ठेवायला सांगितली, चष्मा घातला. आधी लाल चिमटा प्लसला. मग काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला, कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडू शकते. ती बॅटरीजवळ नको. त्यानंतरच प्लग, तोही भिंतीतल्या अर्थिंगवाल्या थ्री-पिनमध्ये. काढताना उलट: आधी स्विच बंद करून प्लग, मग काळा, मग लाल. चार्जर कोरड्या फळीवर ठेवला, बॅटरीवर कधीच नाही.

पुढचं काम चार्जरचं. तो व्होल्टेज 14.4 पर्यंत चढवतो, करंट हळूहळू उतरतो आणि बॅटरी भरली की साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो. मात्र पावसात लाइट जाते, आणि आल्यावर आमचा चार्जर बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून लाइट आली की आप्पा आठवणीनं बघून येतात.

हिरवा दिवा लागला म्हणून मी लगेच विश्वास ठेवत नाही. सल्फेट धरलेल्या जुन्या बॅटरीचं व्होल्टेज झटकन चढतं आणि दिवा लवकर हिरवा होतो. चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी मोजलं: 12.65. गाडी पहिल्याच सेल्फला लागली. डिस्टिल्ड वॉटरही चार्जिंग झाल्यावरच घातलं, खुणेपर्यंत. प्लेटा उघड्या पडल्या असतील तेव्हा मात्र त्या बुडण्यापुरतं आधी घालावं लागतं.

बॅटरी अगदीच मेलेली असेल तर बरेच ऑटोमॅटिक चार्जर तिला ओळखतच नाहीत, सुरूच होत नाहीत. तेव्हा घरी खटपट न करता ती काकांकडे तपासायला न्यायची.