गिमिलियोचं चर्च, १:५०: दक्षिणेचा द्वारमंडप उभा राहिला

या चर्चची १:५० मापाची प्रतिकृती मी करतोय. तिचा मनोरा आणि भिंती मागेच झाल्या होत्या, पण द्वारमंडपाशिवाय ते कुठलंही जुनं चर्च वाटत होतं. या आठवड्यात मंडप जागेवर बसला आणि आता जाणकार माणूस एका नजरेत गिमिलियो ओळखेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गिमिलियो हे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतल्या फिनिस्तेर भागातलं लहानसं गाव. चर्च संत मिलियोच्या नावाचं. दंतकथेप्रमाणे हा ब्रेटन राजा, आणि त्याचं डोकं उडवलं ते सख्ख्या भावाने. एवढ्याशा गावात एवढं चर्च आलं कुठून, तर लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, कापडातून. १६व्या-१७व्या शतकात या भागातल्या शेतकरी-व्यापाऱ्यांचं विणलेलं कापड मोर्ले बंदरातून इंग्लंडला जायचं. आलेला पैसा गावांनी चर्चच्या आवारात ओतला, शेजारच्या गावापेक्षा आपलं आवार सरस ठरावं म्हणूनही. १७व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडशी युद्धं सुरू झाली, व्यापार बसला आणि बांधकामंही थंडावली.

चर्च म्हटलं की आपण पश्चिमेची दर्शनी भिंत आधी मापायला घेतो. इथे सगळा थाट दक्षिणेला आहे. ऊन त्या बाजूला, गावकऱ्यांची ये-जाही तिथूनच. मंडपाचं काम १६०६ ते १६१७ मधलं. कमानीच्या पट्ट्यांवर बायबलमधले प्रसंग दाटीवाटीने कोरलेत. नोहाचं तारू आहे, तसाच द्राक्षारस पिऊन झिंगलेला नोहाही आहे. आत दोन्ही बाजूंना दगडी बाक आणि त्यांच्या वर कोनाड्यांत प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळे. ब्रिटनीत अशा मंडपांमध्ये चर्चचा कारभार बघणारे गावकरी बैठकीला जमत. म्हणून बाक मी नुसती पट्टी चिकटवून उरकले नाहीत. त्यांची कड बसून बसून झिजल्यासारखी घासून घेतली. प्रेषित मात्र या मापात सूचकच ठेवलेत. कोनाड्यातली सावली गडद केली की पुतळा आपोआप उठतो.

सर्वांत जास्त वेळ रंगाने खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा होता. भिंतींचा ग्रॅनाइट फिकट, किंचित पिवळसर. कोरीव काम मात्र केरसांतों दगडातलं. हा ब्रेस्टच्या खाडीजवळचा काळसर राखाडी दगड खाणीतून निघतो तेव्हा छिन्नीला मऊ असतो आणि उघड्यावर टणक होत जातो. चारशे वर्षांच्या पाऊसवाऱ्यात चेहरे आणि कपड्यांच्या चुण्या टिकल्या त्या यामुळे. दोन्ही दगडांना एकच राखाडी फासली तर चर्चचा अर्धा जीव जातो. मी केरसांतोंसाठी पेन्स ग्रे या निळसर राखाडी रंगात थोडा तपकिरी बर्न्ट अंबर मिसळला, वाळल्यावर फिकट राखाडीचा कोरडा ब्रश फिरवला आणि दगडफुलाचे पांढुरके ठिपके जुन्या टूथब्रशने उडवले. ठिपके वरच्या कडांवरच हवेत, कमानीच्या आत नकोत.

आता हातात घेतलंय ते आवारातलं कालवरीचं स्मारक, म्हणजे क्रूस आणि येशूच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारं दगडी शिल्प. त्यावर १५८१ आणि १५८८ ही सालं कोरलेली आहेत. अष्टकोनी ओटा, त्याला चार कोपऱ्यांत तिरके आधारखांब, त्यांच्यावर चार शुभवर्तमानकार (येशूचं चरित्र लिहिणारे), आणि सगळीकडे मिळून सुमारे २०० आकृत्या. प्रसंग क्रमाने नाहीत, त्यामुळे फोटो बघताना एक बाजू कागदावर नीट मांडल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. सैनिकांचे कपडे मला फार आवडतात: येशूला धरून नेणारी माणसं थेट १५८०च्या सुमाराच्या फ्रान्समधली आहेत. आणि कातेल गोलेत! नाचाच्या नादात वाया गेलेली आणि चोरलेला पवित्र प्रसाद सैतानाला दिलेली ही लोककथेतली मुलगी, नरकाच्या जबड्याशी सैतानांनी ओढून धरलेली. तिथे उभं राहणाऱ्या शेतकऱ्याला प्रवचनाचा शब्दही कळला नसता तरी हे कळलंच असतं.

या आकृत्या करंगळीच्या नखाएवढ्या होतात. फ्यूज वायरचा सांगाडा, त्यावर एम-सील, आणि ते घट्ट होण्याआधी टाचणीने चुण्या. एम-सील एका वेळी वाटाण्याहून कमी मळा, नाहीतर चेहऱ्यापर्यंत पोचेतो कडक होतं. मुख्य क्रूसाच्या काटेरी खांबासाठी बांबूची काडी घेतली आणि काट्यांसाठी तिच्यावर फेव्हिकॉलचे थेंब दिले.

१६४८चं अस्थिगृह तूर्त बाजूला ठेवलंय. त्याच्या एका खिडकीतच बाहेरच्या लोकांसाठी पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा उंच कठडा, आहे. तो भाग वेगळा कापावा लागेल.

छप्पर उचलता येईल असं करतोय, कारण आतली १६७५ची ओकची बाप्तिस्म्याची छत्री, म्हणजे बाप्तिस्म्याच्या कुंडावरचा लाकडी मंडप, दिसायलाच हवी. तिचे खांब पिळाचे आणि वेलींनी वेढलेले. तांब्याच्या दोन तारा एकत्र पिळून बघितल्या तर पिळाची उंची बरोबर येते, पण जाडी वरपासून खालपर्यंत सारखीच राहते. कुणी सोल्डर चढवून किंवा पुट्टीने असे खांब केले असतील तर पद्धत सांगा. तोवर स्लेटची कौलं कापायला घेतो. काळ्या चार्ट पेपरच्या पट्ट्या, खालून वर.